हिमालयातला पहिला मोठा ट्रेक निवडताना: मुक्कामाची उंची, महिना आणि परतीची वाट

हिमालयातल्या ट्रेकची चौकशी सुरू केली की आधी फोटो समोर येतात, मग नावं, आणि नावांपुढे ‘ईझी’, ‘मॉडरेट’, ‘डिफिकल्ट’ अशी लेबलं. ही लेबलं कुठल्याही एका मापाने लावलेली नसतात. एकाच ट्रेकला एक आयोजक सोपा म्हणतो, दुसरा मध्यम. ट्रेक आपल्याला झेपेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं: रोज रात्री किती उंचीवर झोपायचं आहे, कोणत्या महिन्यात जायचं आहे, आणि मध्येच काही बिघडलं तर किती तासांत खाली पोचता येईल. या तिन्ही गोष्टी घरबसल्या कागदावर मांडता येतात. बुकिंगचे पैसे भरण्याआधी त्या नक्की मांडून बघा.

सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. हिमालयातल्या बऱ्याच ट्रेकचं पायथ्याचं गावच त्याहून उंचावर असतं. चालण्याचा सराव, उतरणीवर पाय टाकायची सवय, पाठीवर ओझं घेऊन दिवस काढणं, हे सगळं तिथे उपयोगी पडतंच. पण विरळ हवेत आपलं शरीर कसं वागेल, हे सह्याद्रीत कळायला मार्ग नाही. रोज पळणाऱ्या तरुणाला त्रास होतो आणि पन्नाशीतला माणूस आरामात चालत राहतो, असं सर्रास घडतं.

१. आधी दिवस मोजा

सहा दिवसांच्या ट्रेकला सहा दिवसांची सुट्टी पुरत नाही. केदारकांठा आणि हर की दून यांचं पायथ्याचं गाव सांकरी. डेहराडूनहून तिथवर रस्ता साधारण दोनशे किलोमीटरचा आहे आणि त्याला आठ ते दहा तास लागतात. गाड्या सकाळीच सुटतात, कारण उत्तराखंडच्या डोंगरी रस्त्यांवर रात्रीच्या प्रवासावर निर्बंध असतात. म्हणजे डेहराडूनला आदल्या दिवशी पोचायला हवं आणि परतताना पुन्हा एक अख्खा दिवस गाडीत जाणार.

हिशोब असा करा: ट्रेकचे दिवस, अधिक जाण्यायेण्याचे किमान तीन-चार दिवस, अधिक एक राखीव दिवस. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाच्या विमानावर अवलंबून असाल तर राखीव दिवस दोन धरा. तिथली छोटी विमानं ढग उतरले की उडत नाहीत. शिवाय गर्दीच्या हंगामात ती बहुधा काठमांडूऐवजी मंथली या रामेछापच्या धावपट्टीवरून सुटतात, आणि तिथे पोचायला काठमांडूहून चार-पाच तासांचा रस्ता आहे.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ट्रेक संपतो त्याच रात्रीचं परतीचं विमान काढणं. दरड कोसळली, जीप उशिरा आली की ते तिकीट वाया जातं. त्याहून वाईट म्हणजे, विमान चुकेल या धास्तीने लोक खराब हवेतही पुढे चालायचा आग्रह धरतात. सुट्टी कमी असेल तर छोटा ट्रेक निवडा, मोठा ट्रेक दाबून बसवू नका.

२. मुक्कामाच्या उंचीचा तक्ता स्वतः मांडा

ट्रेकचं वर्णन वाचताना सगळ्यांची नजर सर्वोच्च बिंदूवर जाते. खरं तर बघायचे असतात ते रात्रीच्या मुक्कामाचे आकडे. दिवसा उंच जाऊन खाली येणं शरीर बऱ्यापैकी सोसतं. त्रास होतो तो जास्त उंचीवर लवकर झोपल्याने.

यामागचं कारण साधं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे जवळपास २१ टक्केच असतं, पण वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो. साडेतीन हजार मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, साडेपाच हजार मीटरवर जवळपास निम्मा. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. झोपेत श्वास आणखी उथळ होतो, म्हणून रात्री जास्त त्रासाच्या.

गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्रात सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढावी.

आता कागद घ्या, दोन रकाने आखा. डावीकडे मुक्कामाचं ठिकाण आणि त्याची उंची, उजवीकडे आदल्या रात्रीपेक्षा झालेली वाढ. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या नेहमीच्या कार्यक्रमाचा तक्ता असा दिसेल:

फाकडिंग, २,६१० मीटर
नामचे बाजार, ३,४४० (वाढ ८३०)
नामचे, दुसरी रात्र (वाढ शून्य)
तेंगबोचे, ३,८६० (वाढ ४२०)
दिंगबोचे, ४,४१० (वाढ ५५०)
दिंगबोचे, दुसरी रात्र (वाढ शून्य)
लोबुचे, ४,९४० (वाढ ५३०)
गोरक्षेप, ५,१६४ (वाढ २२४)

नामचेची उडी मोठी आहे, म्हणून तिथे लगेच विश्रांतीची रात्र ठेवली आहे. दिंगबोचेला पुन्हा एक. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर असूनही हा कार्यक्रम नीट चालतो तो या दोन रात्रींमुळे. कुणी हाच ट्रेक दोन-तीन दिवस कमी करून स्वस्तात देत असेल तर तक्ता मांडा. बहुतेक वेळा नेमक्या याच दोन रात्री गायब झालेल्या दिसतील.

दुसरं उदाहरण सिक्कीममधल्या गोएचा ला चं. युकसोम १,७८० मीटर, साचेन साधारण २,२००, त्शोका सुमारे ३,०००, आणि तिथून एकदम झोंगरी ४,०२० मीटर. एका दिवसात हजार मीटरची वाढ! झोंगरीला बऱ्याच जणांचं डोकं दुखतं ते यामुळे. म्हणून हा ट्रेक निवडताना झोंगरीला दोन रात्री आहेत की नाही हे बघा. त्शोकालाही एक जादा रात्र असेल तर तो कार्यक्रम इतरांपेक्षा चांगला समजा.

तिसरं, हामटा पास. खिंड ४,२७० मीटरवर, ट्रेक चार-पाच दिवसांचा, नवख्यांना सर्रास सुचवला जातो. पण मनाली आहे साधारण २,०५० मीटरवर आणि पहिलाच मुक्काम, चिका, सुमारे ३,१०० मीटरवर. रात्रभर बसने येऊन सकाळी मनालीला उतरायचं आणि संध्याकाळी चिकाला झोपायचं, असा कार्यक्रम बरेच जण घेतात. मनालीत एक रात्र आधी काढली तर हाच ट्रेक कितीतरी सुसह्य होतो. ही रात्र आयोजकाच्या कार्यक्रमात नसली तरी आपली आपण घ्यावी.

लेहला विमानाने गेलात तर काही तासांत ३,५०० मीटरवर पोचता. तिथे पहिले दोन दिवस निव्वळ आराम हवा. जिने चढणं आणि बाजारात हिंडणंसुद्धा जपून.

हे आकडे आयोजकाच्या पत्रकात नसतील तर मागून घ्या. जो प्रत्येक मुक्कामाची उंची सांगू शकत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये.

३. महिना ठरवा, मग प्रदेश

एकाच वाटेचा ट्रेक दोन वेगळ्या महिन्यांत दोन वेगळे ट्रेक असतो. रुपिन पासच्या शेवटच्या घळीत जूनच्या सुरुवातीला तीव्र उताराचा बर्फ असतो आणि पायऱ्या खोदत जावं लागतं. सप्टेंबरात तिथेच सुटे दगड असतात.

एप्रिल ते मे मध्य: दार्जिलिंगकडचं संदकफू आणि सिक्कीम, तसंच नेपाळचे बहुतेक ट्रेक. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो. या दिवसांत उत्तराखंड-हिमाचलच्या उंच खिंडी बर्फाने बंद असतात.

मे अखेर ते जून: उत्तराखंड-हिमाचलच्या खिंडी हळूहळू उघडतात. दुपारनंतर गडगडाट, गारा हे ठरलेलंच. म्हणून पहाटे निघून दुपारी एक-दोनच्या आत मुक्कामाला पोचणारा कार्यक्रम हवा.

जुलै-ऑगस्ट: इथे सर्वात जास्त गफलत होते. उत्तराखंड, हिमाचलचा दक्षिणेकडचा भाग आणि नेपाळचा बराचसा भाग या काळात टाळावा. रस्ते दरडींनी बंद होतात, जंगलात जळवा असतात, शिखरं दिसत नाहीत. लडाख आणि स्पिती पर्जन्यछायेत आहेत, तिथे हाच हंगाम. काश्मीरमधला ग्रेट लेक्स ट्रेकही जुलै ते सप्टेंबरात होतो. फुलों की घाटी हा मोठा अपवाद: ती १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, पण फुलं बघायची तर जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य गाठावं लागतं आणि पाऊस सोसावा लागतो. गोविंदघाटपर्यंतच्या रस्त्यासाठी राखीव दिवस ठेवूनच ती योजना करा.

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर मध्य: आकाश स्वच्छ, शिखरं कोरल्यासारखी दिसतात, रात्री कडाक्याच्या. पहिल्या ट्रेकला आम्ही हाच काळ सुचवू. पण हाही निर्धोक नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या हुदहुद चक्रीवादळामुळे नेपाळमधल्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळ आणि हिमस्खलन होऊन चाळीसहून जास्त माणसं गेली. उपसागरात वादळ उठल्याची बातमी असेल तर हिमालयातही दोन-तीन दिवस थांबावं.

डिसेंबर ते मार्च: केदारकांठा, ब्रह्मताल असे बर्फातले ट्रेक. उंची बेताची, पण रात्रीचं तापमान शून्याच्या दहा अंश खाली सहज जातं.

तापमानाचा अंदाज बांधायला एक ठोकताळा: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी. पायथ्याच्या गावाचं तापमान बघून कपडे भरू नका.

४. अंतरापेक्षा चढ आणि वाटेची जात बघा

‘रोज फक्त आठ किलोमीटर’ हे वाक्य फसवं आहे. आठ किलोमीटरमध्ये ३०० मीटर चढ आहे की ९००, यावर दिवस कसा जाणार ते ठरतं. जुना हिशोब सोपा आहे: सपाटीला दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. साडेतीन हजार मीटरच्या वर याचं दीडपट धरा. उत्तर आठ तासांच्या वर जात असेल आणि असे दिवस लागोपाठ असतील, तर पहिल्या ट्रेकसाठी दुसरा पर्याय शोधा.

मग वाट कशी आहे ते विचारा. बुग्यालातली, म्हणजे उंचावरच्या कुरणातली, गवताळ वाट, हिमनदीने कडेला आणून टाकलेल्या दगडमातीचा (मोरेनचा) राडारोडा, मोठ्या शिळांवरून उड्या मारत जाणं, कडक बर्फाचा उतार, यांत फार फरक आहे. ओढे ओलांडायचे असतील तर ते दिवसाच्या कोणत्या वेळी, हेही विचारा. हिमनदीचं पाणी पहाटे सर्वात कमी असतं. ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी तोच ओढा मांडीपर्यंत येतो. बर्फाचंही तसंच: पहाटे टणक, दुपारी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. समिटच्या, म्हणजे सर्वोच्च बिंदू गाठायच्या, दिवशी रात्री दोन-तीनला उठवतात ते याच कारणाने.

५. परतीची वाट

खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरणारे ट्रेक रोमांचक असतात. पण खिंडीच्या पलीकडे पोचलात की परतायला पुन्हा तीच खिंड चढावी लागते. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: पहिला ट्रेक ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परतणारा असावा. कुठल्याही क्षणी मागे वळलं की उंची कमीच होत जाते.

प्रत्येक मुक्कामापुढे लिहा: इथून गाडीरस्ता किती तासांवर? खेचर वर येऊ शकतं का? जवळचा दवाखाना कुठे? संदकफूला जीपचा रस्ता वरपर्यंत जातो, म्हणून पहिल्या ट्रेकसाठी तो फार सुरक्षित. हर की दूनच्या वाटेवर गंगाड, ओसला ही नांदती गावं आहेत. हिमाचलमधल्या पिन पार्वतीच्या वाटेवर (खिंड ५,३१९ मीटर) मधले बरेच दिवस माणूसवस्ती नाही.

जून २०२४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांचा गट अचानक आलेल्या वादळात सापडला आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. हंगाम चालू होता, वाट माहितीची होती. उघड्या उंच पठारावर निवारा नसताना थंड वारा आणि ओले कपडे काही तासांत माणूस नेतात. म्हणून कार्यक्रम वाचताना सर्वात उंच दोन मुक्कामांमधलं अंतर बघा आणि मध्ये आसरा कुठे आहे ते विचारा.

संपर्काबद्दल दोन गोष्टी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशातून आणलेलं असं यंत्र बॅगेत सापडून लोक विमानतळावर अडकले आहेत.

६. कोणाबरोबर जायचं

पहिला ट्रेक एकट्याने करू नये. मोठी कंपनी, छोटा स्थानिक आयोजक, राज्याच्या पर्यटन मंडळाची किंवा यूथ हॉस्टेल्सची मोहीम, सगळे पर्याय चालतील. मात्र पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

– गटात जास्तीत जास्त किती जण, आणि किती जणांमागे एक गाइड? आठ-दहांमागे एक असेल तर ठीक.
– मुख्य गाइडने कोणता कोर्स केला आहे? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था यांचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचा कोर्स असेल तर चांगलं. नसेल तर निदान त्याच वाटेवरचा अनुभव किती वर्षांचा?
– ऑक्सिजन सिलिंडर कोणत्या मुक्कामापर्यंत बरोबर असतो? ‘बेस कॅम्पला असतो’ हे उत्तर पुरेसं नाही.
– एखाद्याला खाली न्यावं लागलं तर बरोबर कोण जाणार, आणि बाकीच्यांकडे मग किती गाइड उरतात?
– हवामानामुळे ट्रेक रद्द झाला तर पैशांचं काय? राखीव दिवसाचा खर्च कोणाचा?
– शुल्कात काय धरलेलं नाही? परमिट, पायथ्यापर्यंतची जीप, सॅक खेचरावर टाकण्याचे पैसे, परतीच्या दिवसाचं जेवण यांवरून वाद होतात.
– पोर्टरला किती ओझं देता, त्यांना तंबू आणि गरम कपडे पुरवता का? जो आपल्या माणसांची काळजी घेत नाही, तो तुमचीही घेणार नाही.

नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना गाइडशिवाय ट्रेकिंगला बंदी केली आहे. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, स्थानिक पालिकेने ही सक्ती लागू केलेली नाही. गोएचा ला आणि सिंगलीला राष्ट्रीय उद्यानातल्या संदकफूच्या वाटेवर स्थानिक गाइड घ्यावाच लागतो.

७. पहिल्यांदा कुठे

संदकफू (३,६३६ मीटर): चढ हळूहळू, मुक्काम लॉजमध्ये, कांचनजंगेपासून एव्हरेस्टपर्यंतची रांग समोर. १६ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद. पहिला ट्रेक म्हणून हा सर्वात वर.

हर की दून (३,५६६ मीटर): लांब पण बेताच्या चढाची वाट, जुनी लाकडी घरं असलेली गावं. एप्रिल अखेर ते जून, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर.

केदारकांठा (३,८१० मीटर): समिटहून लगेच खाली उतरता, म्हणून उंचीचा त्रास कमी. डिसेंबर अखेरच्या सुट्ट्यांत मात्र एवढी गर्दी असते की शेवटच्या चढावर रांग लागते, फेब्रुवारी-मार्च निवडा.

फुलों की घाटी: मुक्काम घांगरियाला, साधारण ३,०५० मीटरवर, घाटीत रात्री राहता येत नाही. घांगरियाहूनच जायचं हेमकुंड साहिब ४,००० मीटरच्या वर आहे आणि चढ खडा, तो दिवस जपून करा.

अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३० मीटर): वाटभर टी-हाउस, म्हणजे जेवणा-झोपण्याची साधी लॉज, तंबू नको. पायऱ्या अगणित, गुडघे दुखरे असतील तर विचार करा.

हामटा आणि काश्मीर ग्रेट लेक्स दुसऱ्या खेपेला. रुपिन, गोएचा ला, एव्हरेस्ट बेस कॅम्प त्यानंतर. लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरचा चादर ट्रेक उंचीने भयंकर नाही, थंडीने आहे. रात्री उणे पंचवीसपर्यंत जाते, म्हणून तो पहिला नकोच.

जुन्या लेखांत दोन नावं अजूनही सापडतात. रूपकुंड (५,०२९ मीटर): उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, आणि तिथले नेहमीचे मुक्काम बुग्यालांवरच होते. स्टोक कांगरी (६,१५३ मीटर): २०२० मध्ये बंद केलेलं शिखर. कोणी यांचं बुकिंग घेत असेल तर आधी संबंधित खात्याची लेखी परवानगी बघायला मागा.

८. कागदपत्रं

– फोटो ओळखपत्राची मूळ प्रत आणि तीन-चार झेरॉक्स. काश्मीर आणि सीमाभागात चौक्यांवर मूळ प्रत बघतात.
– पासपोर्ट आकाराचे चार-पाच फोटो.
– एमबीबीएस डॉक्टरच्या सही-शिक्क्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शक्यतो निघण्याआधी महिनाभराच्या आतलं. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर लपवू नका. औषधं दुप्पट घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.
– वनखात्याचं परमिट. ते बहुधा आयोजक काढतो, पण तुमचं नाव त्यावर आहे का ते पायथ्यालाच बघा.
– विम्याची पॉलिसी. साध्या प्रवास विम्यातून ट्रेकिंग अनेकदा वगळलेलं असतं किंवा उंचीची मर्यादा असते. पॉलिसीत तुमच्या सर्वोच्च उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे, हे शब्दशः वाचा.

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पंधरा ते पासष्ट वयाच्या प्रवाशांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. या वयात केवळ आधार कार्डावर निघालेल्यांना विमानात घेत नाहीत. अन्नपूर्णा क्षेत्राच्या परमिटला सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये लागतात, इतर परदेशीयांना ३,०००. म्हणून एजंटच्या पावतीतली रक्कम तपासा.

९. शरीराची तयारी

किमान आठ आठवडे. आठवड्यातून चार दिवस पळणं किंवा भरभर चालणं. निघण्याआधी पाच किलोमीटर ३५ ते ४० मिनिटांत न थांबता व्हायला हवेत. दोन दिवस जिने: पाठीवर सात-आठ किलो घेऊन अर्धा-पाऊण तास चढ-उतार. उतरणं वगळू नका, गुडघे आणि मांड्या उतारावरच जातात. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस पाच-सहा तास चाला, कारण खरा कस दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायांनी उठताना लागतो. शेवटच्या आठवड्यात व्यायाम कमी करा आणि सर्दी-तापाला जपा. ताप असताना उंचीवर जाऊ नये.

१०. सामान

यादी आयोजक देतोच, म्हणून जिथे चुकतं तेवढंच सांगतो. बूट घोट्याच्या वर येणारे, अर्धा-एक नंबर मोठे, आणि महिनाभर वापरून पायाला सरावलेले. नवे कोरे बूट घालून निघालेल्यांना दुसऱ्या दिवशी फोड येतात. जीन्स आणि सुती कपडे नकोत. भिजले की वाळत नाहीत. एका जाड जॅकेटपेक्षा तीन-चार थर: घाम शोषून वाळणारा आतला, मधला फ्लीस, वर डाउन (पिसांचं) किंवा सिंथेटिक जॅकेट, आणि सर्वात बाहेर वारा-पाऊस अडवणारा. झोपायचे मोजे आणि एक कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, दिवसा कितीही मोह झाला तरी तो काढायचा नाही.

स्लीपिंग बॅगवरचा ‘उणे दहा’ हा आकडा कम्फर्टचा आहे की एक्स्ट्रीमचा, ते बघा. एक्स्ट्रीम म्हणजे तेवढ्या थंडीत जीव वाचेल, झोप लागणार नाही. बर्फ असेल तर यूव्ही गाळणारा गॉगल हवाच. एका दिवसात डोळे सुजून दिसेनासं होऊ शकतं. पॉवर बँक आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, रॅपर सगळं एका पिशवीत परत आणायचं. वर काहीच कुजत नाही.

पाठीवरचं एकूण ओझं पाण्यासकट नऊ-दहा किलोच्या आत.

११. वर गेल्यावर कधी थांबायचं, हे आधीच ठरवा

डोकेदुखी, आणि सोबत मळमळ, थकवा, गरगरणं किंवा भूक मरणं यांतलं काही असेल, तर ते उंचीचंच समजा, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. त्याच मुक्कामी थांबा. बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. वाढलं तर खाली. सरळ रेषेत टाचेला चवडा लावत चालायला सांगितल्यावर तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज येत आहे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसात पाणी. या दोन्हींत रात्र असली तरी तात्काळ खाली उतरवायचं. सकाळची वाट बघण्यात माणसं जातात. ऑक्सिजन आणि औषधं उतरताना वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

डायमॉक्स ही गोळी उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. त्याला घाबरू नका, पाणी पीत राहा. ती गोळी घेतली म्हणून मुक्कामाची उडी मोठी करायची नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही बंद. ऑक्सिमीटर ठेवा, पण बोटं गार असताना तो चुकीचा आकडा दाखवतो. हात गरम करून घ्या आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

निघण्याआधी घरी एक कागद ठेवा: रोजचा मुक्काम आणि त्याची उंची, आयोजकाचा आणि पायथ्याच्या गावातल्या माणसाचा नंबर, जिल्ह्याचं नाव, विम्याचा पॉलिसी क्रमांक, रक्तगट, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची ती तारीख. ही तारीख ट्रेक संपण्याच्या दिवशीची नको. दरड, बंद टॉवर, उशिरा आलेली जीप यांसाठी पुढचे दोन दिवस धरून लिहा.